‘फ़ेल’ म्हणजे नापास नव्हे : उर्दू माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवायला बसताना

पहिल्या दिवशी मी फळ्यावर एक साधं इंग्रजी वाक्य लिहिलं आणि विचारलं, "यातलं व्हर्ब कुठलं?" वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीच्या कानात म्हणाली, "फ़ेल पूछ रही हैं, फ़ेल." मी दचकले. नापास कोण झालं? उर्दू व्याकरणात क्रियापदाला ‘फ़ेल’ म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. आणि शिकवायला मी गेले होते!

हा लेख माझ्यासारख्यांसाठी आहे. मराठी घरातले, इंग्रजी बऱ्यापैकी येणारे आणि भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, नांदेड, अकोला अशा कुठल्या तरी गावात उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलांना संध्याकाळी तासभर इंग्रजी शिकवायचं मनावर घेतलेले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ७५ लाख लोकांनी उर्दू ही मातृभाषा म्हणून नोंदवली होती. राज्यात २००० सालापासून सगळ्याच माध्यमांत पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे तुमच्यासमोर बसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने दहा वर्षं इंग्रजीचं पुस्तक हाताळलेलं असतं. गाळलेल्या जागा तो भराभर भरतो. ‘काल उशीर का झाला, इंग्रजीत सांग’ म्हटलं की छताकडे बघतो.

आपण सुरुवातीला एक गोष्ट गृहीत धरतो : उर्दू म्हणजे हिंदीच, आणि हिंदी म्हणजे जवळजवळ मराठीच. गप्पा मारायला तेवढं पुरतं. पण इंग्रजी शिकताना ही मुलं ज्या जागी अडखळतात, त्यातल्या कित्येक जागी आपण मराठीवाले कधी अडखळलेलोच नसतो. म्हणून त्या जागा आपल्याला दिसत नाहीत, आणि मुलगा ‘कच्चा’ वाटायला लागतो.

आधी तुम्ही त्यांचं व्याकरण शिका

एक संध्याकाळ पुरते. मराठी माणसाला तर अर्धे शब्द ओळखीचेच निघतात, फक्त वेगळ्या कपड्यांत. नामाला उर्दूत ‘इस्म’ म्हणतात. पोलिसांच्या पंचनाम्यातला ‘अनोळखी इसम’ तोच. भूतकाळ म्हणजे ‘माज़ी’. माजी आमदार आठवा. वर्तमानकाळ म्हणजे ‘हाल’, आणि आपलं ‘हल्ली’ त्याच घरातलं. भविष्यकाळ मात्र ‘मुस्तक़बिल’, तो पाठच करावा लागतो. एकवचन ‘वाहिद’, अनेकवचन ‘जमा’. बँकेतल्या जमेसारखंच, एकात एक मिळवून वाढलेलं. सर्वनाम ‘ज़मीर’, विशेषण ‘सिफ़त’. कर्ता ‘फ़ाइल’ आणि कर्म ‘मफ़ऊल’. पुल्लिंग ‘मुज़क्कर’, स्त्रीलिंग ‘मुअन्नस’. आणि या सगळ्याला मिळून ‘क़वाइद’, म्हणजे व्याकरण. आपल्याकडे हाच शब्द शाळेच्या मैदानावर जाऊन ‘कवायत’ झाला. मुलांना हे सांगितलं तेव्हा ती अशी हसली, की पहिल्या आठवड्याचा संकोच तिथेच गेला.

हे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि पहिले दोन आठवडे इंग्रजी संज्ञेबरोबर उर्दू संज्ञाही उच्चारा : "व्हर्ब, यानी फ़ेल." मुलांना व्याकरण येत नसतं असं नाही. व्याकरणाचं इंग्रजी नाव येत नसतं.

वर्गात उर्दू आणि मराठी मिसळून बोलायला हरकत नाही, पण एक शब्द सांभाळा. मी म्हणत होते, "खाली लिहा." मुलं पानावर रिकामी जागा शोधत होती. उर्दूत ‘ख़ाली’ म्हणजे रिकामं.

मग ऐका, आणि दुरुस्ती करू नका

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला दोन मिनिटं घरच्या बोलीत बोलू द्या : सकाळी उठल्यापासून काय काय केलं. पुस्तकी उर्दू आणि घरची उर्दू यांत अंतर असतं. मालेगाव-भिवंडीच्या विणकर वस्त्यांत उत्तर प्रदेशातून आलेल्यांची बोली ऐकू येते. मराठवाड्यात दखनी : ‘मेरेकू’, ‘हौ’, आणि आपल्याकडून उचललेलं ‘नको’. पुस्तकी उर्दूत ‘मैंने खाना खाया’ म्हणतात, दखनीत बरेचदा ‘मैं खाना खाया’. म्हणून ‘ने’ची तुलना करून भूतकाळ शिकवायचा बेत असेल, तर आधी त्या मुलाच्या तोंडी ‘ने’ आहे का ते पाहा. माझ्या एका बॅचमध्ये नव्हता, आणि मी तयार केलेला सुंदर तक्ता तसाच गुंडाळून परत आणला.

हाताची सवय

उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, वही उलट्या बाजूने उघडते. शाळेत गेलेल्या मुलांना इंग्रजीची दिशा ठाऊक असते. मोठ्या वयाच्या बायका वर्गाला येत असतील, तर पहिले काही दिवस केवळ लिहिण्याला द्या. उर्दूतही आकडे डावीकडून उजवीकडेच लिहितात, म्हणून तारीख, फोन नंबर, किमती यांच्यापासून हात वळवावा. तो आत्मविश्वास अक्षरांना पुढे उपयोगी पडतो.

कॅपिटल अक्षरं उर्दूत नाहीत, त्यामुळे वाक्याचा आरंभ आणि विशेषनाम दोन्ही लहान अक्षरात येतात. इथे ओरडायची गरज नाही. उर्दूत एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळ्या रूपात येतं. ‘बे’ सुरुवातीला कशी दिसते आणि शेवटी कशी, असं त्यांनाच फळ्यावर काढायला लावा. जागेप्रमाणे अक्षर रूप बदलतं ही कल्पना त्यांच्या हाताला आधीपासून ठाऊक आहे.

खरा घोळ स्वरांचा. उर्दू छापताना ज़ेर, ज़बर, पेश या ऱ्हस्व स्वरांच्या खुणा सहसा देत नाहीत. वाचणारा संदर्भाने स्वर भरतो. इंग्रजी ‘बिट’ आणि ‘बट’ उर्दू लिपीत खुणांशिवाय लिहिले, तर दोन्ही ‘बे’ आणि ‘टे’, अगदी एकसारखे. त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगमधला स्वर म्हणजे गौण ऐवज, अशी नकळत समजूत होते. व्यंजनं बरोबर, स्वर अंदाजे. यावर उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो : रोज पाच मिनिटं एकाच सांगाड्यात स्वर बदलून शब्द. बिट, बेट, बॅट, बट, बूट. तुम्ही बोला, ती लिहितील, मग उलट.

उच्चार : इथे तुम्ही विद्यार्थी आहात

‘झू’, ‘झीरो’, ‘रोझ’ असे शब्द आपण मराठीत झ घालून लिहितो आणि अनेकदा म्हणतोही तसेच. उर्दू बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी ‘ज़’ लहानपणापासून असतो. त्यांच्या वर्णमालेत त्या एका ध्वनीसाठी चार अक्षरं आहेत. ‘फ़’चंही तेच. आपण ‘फॅन’ म्हणताना ओठ मिटतो, ते दात टेकवतात. या दोन ध्वनींपुरतं त्यांना शिकवायला जाऊ नका, त्यांच्याकडून शिका. शिवाय उर्दूत ‘ज़े’ला तीन टिंबं देऊन एक दुर्मीळ अक्षर होतं, ‘झ़े’. इंग्रजी ‘प्लेझर’, ‘मेझर’, ‘टेलिव्हिजन’ यांतला मधला ध्वनी नेमका तोच. "वो तीन नुक़्तेवाली" म्हटलं की उर्दू नीट शिकलेलं पोर बरोबर उच्चार करतं. मराठी माध्यमाच्या मुलांना हा ध्वनी समजावताना मी घामाघूम व्हायचे.

अडचणी दोन. पहिली, ‘इस्कूल’ आणि ‘इस्टेशन’. उर्दूत शब्दाच्या आरंभी ‘स’ला जोडून दुसरं व्यंजन आलं की आधी एक ‘इ’ बसतो, आणि लिहितानाही अलिफ येतो. वर्गात हसू देऊ नका. ‘स्स्स्स’ असा सापासारखा लांब आवाज काढायला सांगा, श्वास न तोडता त्यातच ‘कूल’ मिसळायचा. आठवडाभरात सुटतं. दुसरी, व्ही आणि डब्ल्यू. उर्दूत दोन्हींसाठी एकच ‘वाव’, मराठीत एकच ‘व’, म्हणजे शिक्षक-विद्यार्थी एकाच नावेत. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला ओठांचा चंबू. ‘व्हेरी वेल’ हे दोन शब्द आरशासमोर, दोघांनीही.

‘वो’ : सगळ्यात मोठा खड्डा

आता मुख्य गोष्ट. वर्गातली एखादी हुशार मुलगी आईबद्दल बोलताना "माय मदर इज अ टेलर. ही वर्क्स ॲट होम" म्हणते. मराठी मुलाकडून ही चूक सहसा होत नाही, कारण आपल्याकडे तो, ती, ते आहे. उर्दूत तिन्हींना मिळून एकच ‘वो’. बाप वो, आई वो, टेबल वो. मग लिंग कळतं कुठून? क्रियापदावरून : वो जाता है, वो जाती है. इंग्रजीत बरोबर उलटं. सर्वनाम लिंग सांगतं, क्रियापद काही सांगत नाही. फळ्याच्या मधोमध रेघ मारून हे एकदा उलटसुलट लिहून दाखवा : उर्दूत लिंग वाक्याच्या शेवटी कळतं, इंग्रजीत सुरुवातीलाच सांगावं लागतं. एका मुलाने मला गंभीरपणे विचारलं होतं, "मिस, ‘गोज’ मुज़क्कर है या मुअन्नस?" प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर असं, की तो ‘एस’ लिंगाचा नसून एकवचनाचा, वाहिदचा आहे.

नियम सांगून हे सुटत नाही, जिभेला वळण लागतं तेव्हाच सुटतं. रोज दहा मिनिटं एकच खेळ : एकाने घरातल्या माणसाचं नाव घ्यायचं, शेजारच्याने त्या माणसाबद्दल ‘ही’ किंवा ‘शी’ने सुरू होणारी तीन वाक्यं बोलायची. मामू, खाला (मावशी), फूफी (आत्या), दादा (आजोबा). वस्तूंचा ‘इट’ महिनाभर उशिरा आणा. तिघं एकदम आणलीत की गोंधळ परत पहिल्या पायरीवर.

आणि इथेच अदब आडवी येते. ‘अब्बा आ रहे हैं’ म्हणणाऱ्या मुलाला ‘फादर इज कमिंग’ म्हणताना अब्बांना अरे-तुरे केल्यासारखं वाटतं, म्हणून तो ‘माय फादर आर कमिंग’ म्हणतो. आपणही बाबांना ‘ते आले’ म्हणतो, तेव्हा ही अडचण आपल्याला चटकन कळायला हवी. इंग्रजीत आदर अनेकवचनाने दाखवत नाहीत, ‘ही’ म्हटल्याने बापाचा अपमान होत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा. न सांगता नुसतं खोडलंत, तर मुलगा खोडलेलं मान्य करतो आणि पुढच्या वेळी अब्बांबद्दल बोलणंच टाळतो.

वाक्य उभं करताना

क्रम उलटवण्याचं काम सगळ्यांना माहीत आहे : उर्दूत आणि मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत मध्ये. कागदाच्या चिठ्ठ्यांवर शब्द लिहून त्या टेबलावर हलवायला द्या, एका दिवसात हातात बसतं. त्यावर जास्त लिहीत नाही.

‘क्या’कडे मात्र लक्ष द्या. उर्दूत तो दोन कामं करतो. ‘क्या खाओगे’मध्ये तो ‘काय’, आणि ‘क्या तुम आओगे’मध्ये तो केवळ आपला शेवटचा ‘का’. मुलं दोन्हीकडे ‘व्हॉट’ लावतात : "व्हॉट यू आर कमिंग?" मराठीत ‘काय’ आणि ‘का’ वेगळे असल्याने आपल्याला हे सुचत नाही. कसोटी सोपी आहे. उत्तर हाँ किंवा नहीं येत असेल तर ‘व्हॉट’ नको, क्रियापदाचा मदतनीस उचलून पुढे ठेवायचा : आर यू कमिंग, विल यू कम, डू यू लाइक.

‘से’ हे दुसरं बहुरूपी. ‘दो साल से’ आणि ‘सोमवार से’ दोन्हींत ‘से’, म्हणून दोन्हींना ‘सिन्स’. आपलं ‘पासून’ही तसंच, त्यामुळे आपल्या तोंडीही ‘सिन्स टू इयर्स’ असतं. आधी स्वतःला तपासा. दिवस, तारीख, साल असा एखादा खुंटा असेल तर सिन्स. दोन तास, तीन वर्षं असं मोजमाप असेल तर फॉर. आणि क्रियापद ‘ॲम लिव्हिंग’ नाही, ‘हॅव बीन लिव्हिंग’. ‘से’ आणखीही ठिकाणी घुसतो : ‘उससे शादी हुई’ वरून ‘मॅरीड विथ हिम’, ‘मुझसे पूछो’ वरून ‘आस्क फ्रॉम मी’. अशा दहा-बारा क्रियापदांची यादी भिंतीवर चिकटवा, प्रत्येकासमोर शब्दयोगी लागतो की नाही एवढंच.

‘हॅव’ शिकवताना उलट सोपं जातं. मेरे पास किताब है, मेरे दो भाई हैं, मुझे बुख़ार है : उर्दूत तीन रचना, मराठीतही वेगवेगळ्या, इंग्रजीत तिन्हींना एकच हॅव. मुलांना इथे इंग्रजी पहिल्यांदा दयाळू वाटते.

उर्दूतच लपलेली एक युक्ती मला उशिरा सापडली. ‘ज़ुबैदा की किताब’ हा क्रम इंग्रजीत ‘ज़ुबैदाज बुक’ असाच राहतो. पण उर्दूत इज़ाफ़तही आहे, दोन शब्दांमधला तो छोटा ‘ए’, आणि तिचा क्रम उलटा : हुकूमत-ए-हिंद, दर्द-ए-दिल, तालीम-ए-निस्वाँ. त्या ‘ए’च्या जागी ‘ऑफ’ ठेवा. गव्हर्नमेंट ऑफ इंडिया. एज्युकेशन ऑफ विमेन. क्रमाला हातही लावावा लागत नाही. दुसरा शब्द विशेषण असेल तर हे चालत नाही, वज़ीर-ए-आज़मला ‘ऑफ’ लावू नका. पण ‘ऑफ’मध्ये कोण आधी, कोण नंतर हा जो नेहमीचा घोटाळा, तो शेरोशायरी ऐकून वाढलेल्या मुलांना एका मिनिटात कळतो.

‘कल’चंही एक वाक्य. काल आणि उद्या दोन्ही ‘कल’, फरक क्रियापद सांगतं. आपला ‘परवा’ तसाच असल्यामुळे हसण्यासारखं काही नाही. इंग्रजीत दिवसाचा शब्द आणि क्रियापद दोन्ही बरोबर हवेत, एवढं लक्षात आणून द्या. ‘उसने कहा कि मैं आऊँगा’ वरून येणारं ‘ही सेड दॅट आय विल कम’ तिसऱ्या महिन्यापर्यंत सोडून द्या. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ सुद्धा. उर्दूत आर्टिकल नाही, मराठीत नाही, आणि ती चुकल्याने कुणाचं बोलणं अडत नाही.

शब्द : घरातूनच सुरुवात

शब्दांची यादी पुस्तकातून घेऊ नका. यंत्रमागाच्या घरातल्या मुलाला लूम, बीम, शटल, शिफ्ट, ओव्हरटाइम हे शब्द येतातच, फक्त ते इंग्रजी म्हणून येतात असं त्याला वाटत नाही. त्या एकेका शब्दाचं वाक्य करून घ्या. ‘शिफ्ट’ एकट्याने तीन दिवस पुरतो : पाळी, हलवणं, बदलणं.

मग उर्दूतून किंवा तिच्या फ़ारसी-अरबी आजोळातून इंग्रजीत गेलेले शब्द. पजामा, ख़ाकी, शाल, बाज़ार, कारवाँ तर जसेच्या तसे. सिफ़रपासून इंग्रजीतले झीरो आणि सायफर दोन्ही. अल-जब्रपासून अल्जिब्रा. मख़ज़न म्हणजे कोठार, त्यावरून मॅगझिन. लाहोरहून १९०१ मध्ये निघालेल्या उर्दू मासिकाचं नावही ‘मख़ज़न’ होतं. खुद्द ‘उर्दू’ हा छावणी या अर्थाचा तुर्की शब्द, आणि इंग्रजी ‘होर्ड’, म्हणजे झुंड, त्याचाच भाऊबंद. हे सांगताना शब्द वाढतात ते वेगळंच. परकी भाषा आपल्याकडून काही घेऊन गेली आहे हे कळल्यावर मुलांची बसण्याची ढब बदलते.

शेवटी ‘करना’. इंतज़ार करना, मदद करना, कोशिश करना, फ़ोन करना. मुलं ‘डू’ लावतात : ‘डू वेट’, ‘डू हेल्प’. त्यांच्याकडूनच ‘करना’ची पन्नास क्रियापदं लिहून घ्या आणि एकेकासमोर एकच इंग्रजी शब्द भरत जा. वेट, हेल्प, ट्राय, कॉल. माझ्या वर्गात ही यादी भिंतीवरून खाली उतरलीच नाही, मुलं तिच्यात भर घालत राहिली.

सहाव्या आठवड्याची परीक्षा

लेखी घेऊ नका. प्रत्येकाने घरातल्या एका बाईबद्दल एक मिनिट बोलायचं, तुम्ही कागदावर फक्त ‘ही’ किती वेळा आला त्याच्या काड्या मांडायच्या. मध्ये तोंड उघडायचं नाही. व्याकरणाच्या बाकीच्या चुका त्या दिवशी माफ.

‘फ़ेल’ कुजबुजणारी ती मुलगी आपल्या नानीबद्दल बोलली. नानीचं गाव, नानीची सुपारी, नानीचं शिवणयंत्र, सगळीकडे ‘शी’, एकही काडी नाही. शेवटचं वाक्य मात्र "दे आर नो मोअर" असं आलं. मी तिथे थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचं नाव न घेता ‘शी’ आणि ‘दे’ फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, आणि अब्बांचा धडा पुन्हा पहिल्यापासून घेतला.